सुताचा ताण आणि कापडाचा पोत



आदिलाबाद जिल्ह्यात कापूस म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पैनगंगेच्या दक्षिणेकडील काळी जमीन, दिवाळीच्या सुमारास बाजाराच्या आवाराकडे लागणाऱ्या कापसाच्या गाड्यांच्या रांगा आणि सरकी वेगळी करणारे कारखाने हे येथील नित्याचे दृश्य आहे. एके काळी या पट्ट्यात गावराणी कापूस पिकत असे; आज बहुतेक क्षेत्र बीटी संकरित वाणांखाली आहे. वाण बदलले, राज्याच्या सीमाही बदलल्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे भाग या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात आले. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि २०१६ साली जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. परंतु एक गोष्ट बदललेली नाही. येथून गठडी बाहेर जाते आणि कापड बाहेरून येते. कापसापासून कापडापर्यंतच्या वाटेवर जी किंमत वाढते, तिचा फारच थोडा वाटा या मातीला मिळतो.

ही किंमत कोठे वाढते? रुईचे सूत होते तेव्हा वाढते आणि सुताचे कापड होते तेव्हा वाढते. मात्र ती आपोआप वाढत नाही. एकाच गिरणीचे, एकाच नंबरचे सूत दोन मागांवर चढविले, तर एका मागावरून सारख्या पोताचे, भरीव कापड उतरते आणि दुसऱ्यावरून पट्टे पडलेले, काठ ओढलेले कापड उतरते. सूत तेच, फणी तीच, वीणही तीच. मग अंतर कशामुळे पडले? पुष्कळ वेळा या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते. तो शब्द म्हणजे ताण.

आपल्या भाषेने हे फार पूर्वीच ओळखलेले आहे. मागावरील उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि आडव्या धाग्याला बाणा म्हणतात. 'ताणा' या शब्दाच्या मुळाशी संस्कृतातील 'तन्', म्हणजे ताणणे, हा धातू आहे. तंतू आणि तंत्र हे शब्दही त्याच कुळातील होत. म्हणजे उभ्या धाग्याचे नावच त्याच्या कामावरून पडले आहे. तो ताणलेला असतो, म्हणूनच त्यातून धोटा जाऊ शकतो आणि म्हणूनच कापड होते.

साध्या विणीचे कापड भिंगाखाली धरून पाहावे. उभा धागा एका आडव्या धाग्यावरून जातो, दुसऱ्याखालून जातो, पुन्हा तिसऱ्यावरून जातो. आडवा धागाही तसेच करतो. कापडात कोणताही धागा सरळ नसतो. तो नागमोडी असतो. या नागमोडीपणाला वळण म्हणावे. दहा सेंटिमीटर कापडातून एक धागा सोडवून काढला, तो अलगद सरळ केला आणि त्याची लांबी १०.६ सेंटिमीटर भरली, तर त्या धाग्याचे वळण शेकडा सहा आहे, असे समजावे. कापडाचा सगळा स्वभाव, म्हणजे त्याचा पन्हा, वजन, मऊपणा, धुतल्यावर आटणे आणि ओढल्यावर फाटणे, या वळणाशी बांधलेला आहे. मँचेस्टरच्या शर्ली संस्थेतील संशोधक पीअर्स यांनी १९३७ साली कापडाच्या रचनेची भूमिती मांडली. तिचे सार असे की, उभ्या आणि आडव्या धाग्यांची वळणे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एकाचे वळण कमी झाले की दुसऱ्याचे वाढते. दोघांपैकी जो ताठ राहतो, त्याच्याभोवती दुसऱ्याला वाकावे लागते.

येथेच ताणाचे काम सुरू होते. ताणा अधिक ताणलेला असेल, तर उभे धागे जवळजवळ सरळ राहतात आणि वाकण्याचे काम बाण्यावर येऊन पडते. बाणा अधिक वाकला की तो रुंदीत कमी पुरतो आणि कापडाचा पन्हा आखडतो. ताणा ढिला असेल, तर उलट घडते. उभे धागे अधिक वाकतात, मीटरभर कापडाला अधिक लांबीचा ताणा लागतो आणि कापड पसरट, पोकळ उतरते. शिवाय ढिल्या ताण्यावर फणीचा ठोका नीट बसत नाही. विणकर जोराने ठोकतो, पण विणलेली कडच फणीबरोबर पुढे सरकते आणि मागे येते. आडवा धागा जेथे बसावयास हवा तेथे बसत नाही. म्हणून भरीव कापड हवे असेल, तर ताण्यात पुरेसा ताण असावाच लागतो.

पुरेसा म्हणजे किती? 'तुटेपर्यंत ताणू नये' ही म्हणण्याची रीत मागावर अक्षरशः खरी ठरते. सुती धागा शंभरात सुमारे पाच ते सात भाग लांबला की तुटतो. पण तुटण्याच्या कितीतरी आधी त्याचे नुकसान झालेले असते. थोडा ताणून सोडलेला धागा मूळ लांबीवर परत येतो. फार ताणलेला धागा पूर्णपणे परत येत नाही. त्याची लवचीकता खर्च झालेली असते. वर-खाली होताना, फणीत घासताना आणि ठोका खाताना प्रत्येक उभ्या धाग्याला विणून होईपर्यंत शेकडो धक्के सोसावे लागतात. ज्याच्या अंगी लवचीकता उरली नाही, तो धागा यांपैकी एखाद्या धक्क्याला तुटतो. एक धागा तुटला की माग थांबतो, गाठ मारावी लागते आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. थांबलेल्या जागी ताण थोडा जरी बदलला, तरी तेथे आडवी रेघ उमटते. म्हणजे एका जास्त ताणाने दोन दोष निर्माण होतात.

ताण किती आहे, याइतकाच तो सारखा आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. किंबहुना तो अधिक महत्त्वाचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. शेकडो उभ्या धाग्यांपैकी एकच धागा जास्त ताणला गेला, तर कापडात त्याची बारीक, खोल गेल्यासारखी रेघ शेवटपर्यंत दिसते. एकच धागा ढिला राहिला, तर तो लोंबतो, धोट्याच्या वाटेत येतो, आणि विणला गेलाच तर कापडावर त्याचे फुगीर टाके दिसतात. असे धागे मागावर निर्माण होत नाहीत. ते ताणा तयार करतानाच निर्माण झालेले असतात. एक लड घट्ट धरून आणि दुसरी सैल धरून ताणा केला, तर पुढे विणकराने कितीही कौशल्य दाखविले तरी ती चूक पुसली जात नाही.

मागावर ताण बदलण्याची आणखी एक वाट आहे. ज्या मागावर ताण्याच्या रुळाला दोरी आणि वजन लावून अडविलेले असते, तेथे आरंभी रूळ भरलेला व जाड असतो; विणकाम पुढे जाते तसा तो बारीक होत जातो. वजन तेच ठेवले, तर रुळाचा व्यास ३० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर येईपर्यंत धाग्यावरील ताण दुप्पट होतो. कारण तेवढाच अडथळा आता निम्म्या अंतरावरून ओढावा लागतो. जाणता विणकर म्हणूनच अधूनमधून वजन कमी करतो किंवा सरकवितो. ज्याला हे सांगितलेले नाही, त्याच्या मागावर ताण्याच्या आरंभीचे कापड आणि शेवटचे कापड वेगवेगळ्या पोताचे निघते, आणि दोष मात्र सुताला दिला जातो. खड्डा-मागावर ताणा दोरीने मागील खुंटाला बांधून ताणलेला असतो. तेथे प्रत्येक वेळी दोरी सैल करून पुन्हा आवळताना हाताचा अंदाज सारखा राहिला नाही, तर वीतभर घट्ट आणि वीतभर विरळ असे आडवे पट्टे पडतात.

बाण्याचा ताणही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. धोट्यातील कांडी घट्ट सुटत असेल, तर आडवा धागा दोन्ही काठांना आत ओढतो. पन्हा आखडतो, काठाचे धागे फणीत तिरपे घासून तुटू लागतात. कांडी फार सैल सुटत असेल, तर काठाशी फासे राहतात आणि मध्येच धाग्याला गुंडाळ्या पडतात. कांडी संपत येते तसा धाग्याचा ताण वाढतो, हेही ध्यानात ठेवावे. पन्हा ताणून धरणारी काठी वेळच्या वेळी पुढे सरकविणे, हा यावरील जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

ताण आणि हवामान यांचा संबंध आदिलाबादसारख्या ठिकाणी विशेष जाणवतो. येथील उन्हाळा कडक आणि कोरडा असतो. सुती धागा दमट हवेत अधिक बळकट असतो; कोरड्या हवेत तो, आणि त्यावर चढविलेली खळही, ठिसूळ होते. जो ताण श्रावणात धाग्याला सहज सोसतो, तोच वैशाखात सोसत नाही. पूर्वीचे विणकर पहाटे उन्हापूर्वी पांजणी करीत आणि जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून विणीत. खड्डा-माग जमिनीलगत असल्याने ताण्याला भुईचा ओलावा मिळत राही. ही केवळ रूढी नव्हती. तिच्यामागे धाग्याचा अनुभव होता. मातीची शाळा पाडून पत्र्याची शेड बांधताना हा अनुभव विसरला गेला, तर तुटणाऱ्या धाग्यांच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागते. जमिनीवर पाणी शिंपडणे, खिडक्यांना ओले तरट लावणे आणि भर दुपारी ताण थोडा कमी ठेवणे, हे उपाय साधे आहेत आणि खर्चाचे नाहीत.

सर्वच धागे एका स्वभावाचे नसतात. ओल्या हाताने कापसाचा धागा बळकट होतो, पण रेयॉनचा धागा ओला झाला की दुबळा होतो. याच जुन्या जिल्ह्यात कागजनगर येथे सरसिल्क हा कृत्रिम रेशमाचा कारखाना एके काळी होता. रेयॉनचा धागा एखाद्या ठिकाणी जास्त ताणला गेला, की तेवढाच भाग कापडात चकचकीत रेघेसारखा उठून दिसतो आणि रंगविल्यानंतरही तो लपत नाही. टसरची तऱ्हा आणखी निराळी. प्राणहितेच्या अलीकडे चेन्नूर-कोटपल्लीच्या आणि पलीकडे गडचिरोलीच्या रानांत ऐन व अर्जुन या झाडांवर टसरचे कोष होतात. विदर्भातील करवतकाठी साडीत अंग टसरचे असते आणि काठ वेगळ्या सुताचा. दोन स्वभावांचे धागे एकाच ताण्यात शेजारी शेजारी नांदवायचे असतात. काठाचा ताण अंगापेक्षा अधिक झाला, तर साडी मागावरून उतरताच काठ आखडतो आणि अंगाला चुण्या पडतात. कमी झाला, तर काठच लाटांसारखा झुलतो. ही साडी विणणाऱ्याचे कसब धोट्याइतकेच या दोन ताणांचा मेळ घालण्यात आहे.

ताणाचा फरक हा नेहमी दोषच असतो, असे मात्र समजू नये. जाणूनबुजून केलेला फरक ही कला होते. त्याचे सर्वांच्या घरी असलेले उदाहरण म्हणजे सोलापुरी टॉवेल. तेलंगणातून गेलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापूरच्या वस्त्रोद्योगात घातलेली भर सर्वांना ठाऊक आहे. टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन रूळ असतात. एकावरील धागे ताठ असतात, दुसऱ्यावरील मुद्दाम सैल सोडलेले असतात. दोन आडवे धागे विणीच्या कडेपासून किंचित दूर ठेवतात आणि तिसरा धागा घातल्यावर तिन्ही एकदम ठोकून बसवितात. ताठ धाग्यांवरून ते घसरत पुढे जातात; सैल धाग्यांना मात्र आपल्याबरोबर ओढून नेतात आणि त्या सैल धाग्यांचे फासे कापडाच्या अंगावर उभे राहतात. टॉवेल पाणी टिपतो ते या फाशांमुळे. म्हणजे एकाच कापडात ताठपणा आणि सैलपणा यांना वेगवेगळी कामे वाटून दिलेली असतात. काही पट्टे ताठ व काही सैल ठेवून विणलेले, आपोआप चुणीदार होणारे उन्हाळी कापडही असेच होते. इंग्रजीत त्याला 'सीरसकर' म्हणतात. त्या नावाचे मूळ फारसीतील 'शीर ओ शक्कर', म्हणजे दूध आणि साखर, या शब्दांत आहे. एक पट्टा गुळगुळीत, दुसरा खरबरीत.

आता ग्राहकाच्या बाजूने पाहावे. अति ताणून विणलेले कापड दुकानात छान दिसते. ते सपाट असते आणि मोजताना पुरेपूर भरते. पण पहिल्याच धुण्यात पाणी धाग्यांना मोकळे करते. बळेच सरळ ठेवलेला ताणा पुन्हा वळण घेतो आणि कापड लांबीत आटते. साडेपाच मीटरची साडी शेकडा चार आटली, तर २२ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर पदर नाहीसा होतो. गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानात हातमागाचे कापड मागत नाही. एका विणकराच्या मागावरील जास्तीचा ताण असा साऱ्या विणकरांच्या बाजारावर येऊन पडतो.

आणि म्हणूनच येथे न्यायाचाही एक प्रश्न आहे. विणकराला मजुरी नगावर मिळते. माल तपासताना पन्हा कमी भरला, पट्टा दिसला किंवा रेघ दिसली की मजुरीतून कपात होते. ही कपात ज्याच्या हातून माल उतरला त्याच्या माथी बसते. परंतु दोष त्याच्याच हातून झालेला असतो काय? नीट पाहिले, तर कापड स्वतःच साक्ष देते. उभी रेघ साऱ्या लांबीभर असेल, तर ती बहुधा ताणा करतानाची अथवा सुताची चूक असते. धागे जागोजागी तुटून गाठी पडल्या असतील, तर खळ, सुताचा पीळ आणि हवा यांची चौकशी करावी. पट्टे आडवे आणि ठरावीक अंतराने असतील, तर ताणा सोडण्याची पद्धत पाहावी. पन्हा एखाद्या ठिकाणीच आखडून पुन्हा सुटत असेल, तर कांडीकडे पाहावे. नंबर एकच लिहिलेल्या दोन गठ्ठ्यांतील सूत निरनिराळे निघाले असेल, तर विणकराकडून कपात करणे म्हणजे पेरणाऱ्याला बियाण्याचा दंड करण्यासारखे आहे. तपासनीसाने कपातीच्या आकड्याशेजारी दोषाचे कारण लिहिण्याची सवय ठेवली, तर निम्मे तंटे जागच्या जागी मिटतील आणि उरलेले कोठे सोडवावयाचे हे तरी कळेल.

याच संदर्भात आणखी एका हाताची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. कांड्या भरणे, लडी सोडविणे, ताण्याला मदत करणे ही कामे घरातील स्त्रिया आणि वृद्ध माणसे करतात. सुताला पहिला ताण त्यांच्या बोटांतून मिळतो. चरख्यावर कांडी भरणाऱ्या स्त्रीची चिमूट सारखी राहिली, तर पुढे धोटा निर्वेध धावतो. तिची चिमूट थकली, तर तो थकवा कापडात उमटतो. तरीही नगाच्या मजुरीत तिचे नाव वेगळे येत नाही. प्रशिक्षणाचे वर्ग भरतात तेव्हा बोलावणे मागावर बसणाऱ्याला जाते. ज्या हातात कापडाची निम्मी गुणवत्ता आहे, त्या हातालाही वर्गात बसविले पाहिजे आणि त्याच्या श्रमाचा हिशेब मांडला पाहिजे.

शिक्षकांसाठी या विषयात प्रयोगशाळेवाचून करता येण्याजोगे पुष्कळ आहे. वर्धा येथे १९३७ साली नयी तालीमची कल्पना मांडली गेली, तेव्हा हस्तोद्योगातून शिक्षण हा तिचा गाभा होता. त्याच वाटेने पुढे जाऊन मुलांना घरातील जुन्या धोतराचा, चादरीचा आणि टॉवेलचा तुकडा आणावयास सांगावे. दहा सेंटिमीटर मोजून उभा व आडवा धागा काढावा, सरळ करून मोजावा आणि शेकडा वळण काढावे. गणित तेथेच होते. कोऱ्या कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून ते धुवावे, वाळवावे आणि पुन्हा मोजावे. चौकोन कोणत्या बाजूने किती आटला, यावरून ते कापड मागावर कोणत्या दिशेने जास्त ताणले गेले होते, हे मुले स्वतः सांगतील. पुठ्ठ्याला खाचा पाडून आणि सुतळी गुंडाळून चिमुकला माग करावा. एका मुलाने ताणा ताठ ठेवावा, दुसऱ्याने सैल. दोघांचे तुकडे शेजारी ठेवले, की या भाषणात सांगितलेले बहुतेक सर्व त्यांच्या डोळ्यांसमोर येईल.

साळी, कोष्टी, पद्मशाली आणि जाडेभरडे कापड विणणारे महार बांधव यांनी या सीमाभागाला पिढ्यान्‌पिढ्या वस्त्र पुरविले. त्यांच्यापैकी पुष्कळांचे माग आज बंद आहेत. ते सर्वच केवळ ताणाच्या चुकांमुळे बंद पडले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. गिरण्या आल्या, यंत्रमाग आले, सूत महागले. १९८५ साली काही वाण हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा झाला, तोही या स्पर्धेमुळेच. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. कायदा आणि दिन दोन्ही आवश्यक आहेत. पण गिऱ्हाईक कापड हातात घेऊन पाहते तेव्हा तेथे कायदा नसतो. तेथे फक्त पोत असतो. तो सारखा असेल तर माग चालेल.

यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. ताणा करताना सर्व लडी सारख्या धरणे, रूळ बारीक होईल तसे वजन कमी करणे, हवा पाहून ताण ठरविणे, कांडी सारखी भरणे आणि दोष दिसला की आधी त्याचे कारण शोधणे, एवढे जरी प्रत्येक मागावर घडले, तरी पुष्कळ साधेल. विणकराने आपला हात, तपासनीसाने आपली नजर आणि शिक्षकाने आपला वर्ग या कामी लावावा. ज्या जिल्ह्याने कापूस पिकवून इतरांना वस्त्र पुरविले, त्याच्या मागावर उतरलेले कापडही तितक्याच विश्वासाने विकत घेतले जावे, एवढीच अपेक्षा आहे.